२९४४०९ आणि वहीतला गोल

मु. जुनी खार, ता. पेण
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

चि. साहिल,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र हौसामावशीच्या सुकटीच्या टोपलीतून येत आहे, वासाला नाक मुरडू नकोस. ती दर रविवारी रोह्याला विकायला जाते, तिच्याच हाती उत्तर दे. फोन नको. माझा फोन सध्या मिथुन घेऊन बसतो. भाऊ कमी आणि फौजदार जास्त झाला आहे.

बाबांचं तुला कळलं असेल, पण कसं झालं ते कळलं नसेल. मंगळवारी सकाळी ते मिठागराची उघाडी उघडायला गेले. दार वर ओढलं, खाडीचं पाणी आत आलं, आणि ते रोजच्यासारखे गुडघाभर पाण्यात उभे राहिले. पाण्यावर पिवळट फेस होता. म्हणतात, आधी गार लागलं, मग मुंग्या आल्या, मग काहीच कळेना. बांधावर चढले तेव्हा उजव्या पायाची कातडी मोज्यासारखी उतरून घोट्याशी लोंबत होती. ओरडले नाहीत. मला म्हणाले, "भूमी, जरा कापड आन गो." मी कापड गुंडाळलं आणि ते पायाला चिकटलं. सोडवताना जे निघालं ते लिहीत नाही.

उघाडीच्या वर बांधावर टँकरच्या चाकांचे माग आहेत. सोमवारी संध्याकाळी कुणीतरी आणून ओतलं. चिखलात तुटलेलं पिवळं प्लास्टिकचं सील सापडलं, टँकरच्या तोंडाला लावतात ते. त्यावर तुमच्या केमिकल कंपनीची खूण आहे आणि आकडा आहे: २९४४०९.

धाटावच्या त्या गेटवर सील लावायला तूच उभा असतोस. सोमवारी हे कोणाच्या टँकरला लागलं?

नाव फक्त मला कळव. मिथुन मीठ ओढायची लाकडी फळी दाराशी ठेवून बसला आहे. म्हणतो, "नाव द्या, बाकी मी बगतो." मला ते नाव पोलिसांना द्यायचं आहे.

तुझी,
भूमिकाताई

*

वरसे, रोहा
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

प्रिय भूमिकाताई,
सा. नमस्कार.

विठूमामांचं वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. सोमवारी मीच ड्यूटीवर होतो. म्हणजे ते सील माझ्याच हाताने लागलं.

गेटवरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक टँकरपुढे सीलचा आकडा लिहितात. बुधवारी मी त्या दिवसाचं पान पाहायला गेलो तर रजिस्टरच नवीन होतं. ठेकेदार म्हणाला, "जुनं भिजलं." आमच्याकडे पाऊस पडलेला नाही.

सील क्रमाने लागत नाहीत. शंभराचं पाकीट फोडून डब्यात ओततात, हाताला येईल ते लावतात. त्यामुळे आठवून सांगता येत नाही. पण माझ्याजवळ एक वही आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तूही हसू नकोस.

गेटच्या आत फोन नेता येत नाही आणि कंपनीचा कोणताही आकडा लिहून बाहेर न्यायची मनाई आहे. बारा तासांच्या शिफ्टमध्ये कंपनीचं घातक सांडपाणी घेऊन तीन टँकर तळोज्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे जातात. मग मी काय करतो, सीलचा आकडा रद्दीच्या कागदावर घेतो आणि तो मूळ संख्या आहे का ते तपासतो. कागद तिथेच फाडतो. वहीत फक्त वार-तारीख, ड्रायव्हरचं नाव आणि खूण. सम असेल तर आडवी रेघ. विषम पण भाग जाणारी असेल तर फुली. मूळ असेल तर गोल. गोल क्वचितच येतो. आला की तो दिवस मला बरा जातो.

त्या सोमवारच्या खुणा अशा आहेत:
दत्तात्रेय, रेघ.
आदर्श, फुली.
हैबतराव, गोल.

२९४४०९ विषम आहे, म्हणून दत्तात्रेय सुटला. आता ती मूळ आहे की नाही एवढंच पाहायचं होतं. २, ३, ५, ७, ११ आणि १३ ने भाग जात नाही. पुढे एकेका मूळ संख्येने भागत गेलं तर ५४१ पर्यंत जावं लागतं, म्हणजे शंभर भागाकार. म्हणून मी तुझ्या बी.एस्सी.च्या जुन्या वहीतली रीत वापरतो. दोनाचा २९४४०८वा घात घ्यायचा, वर्ग करत करत, आणि दर टप्प्याला २९४४०९ ने भागून फक्त बाकी ठेवायची. अठरा टप्पे होतात. शेवटी बाकी एक उरली की संख्या मूळ. मी काल दोनदा केलं. दोन्ही वेळा एक उरला.

म्हणजे तो हैबतराव.

ताई, हा माणूस कसा आहे ते सांगतो. जानेवारीत त्याच्या क्लीनरच्या हातून पाइप ठिबकला. हैबतरावाने सीटखालची लोखंडी टॉमी काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. दोन दात माझ्या केबिनच्या दारात येऊन पडले. हैबतराव ते ओलांडून आत आला आणि म्हणाला, "लाव रं सील, काय बगतोस." मी लावलं. क्लीनर बाहेर बसून रक्त थुंकत होता आणि मी आकडा तपासत होतो. फुली आली.

माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस.

तुझा,
साहिल

*

जुनी खार
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

चि. साहिल,

गुरुवारी बाबांचा उजवा पाय घोट्यावरून कापला. आत विष चढत होतं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पांघरूण वर करून पाहिलं आणि विचारलं, "आनि फळी कोन वडनार?" मीठ ओढायला कोण, एवढंच.

तुझ्या पत्राबद्दल. २९४४०९ मूळ नाही.

मी तुझ्यासारखी अठरा टप्प्यांच्या भानगडीत गेले नाही, सरळ भागत गेले. १७, १९, २३, २९, ३१ आणि मग ३७. ३७ ने पूर्ण भाग जातो, ७९५७ येतात. त्याचे पुन्हा ७३ आणि १०९. म्हणजे ३७ × ७३ × १०९. संयुक्त संख्या, आठ विभाजक. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १४९११, म्हणजे परिपूर्ण तर सोडच, फारच अपुरी. वर्ग नाही, घन नाही. आणि तू तिला मूळ म्हणतोस. तेराला थांबलास, आणखी सहा भागाकार केले असतेस तर हे सापडलं असतं.

तुझं बारावीला इंग्रजी गेलं, गणित नाही, असं मी सगळ्यांना छाती काढून सांगते. आता काय सांगू?

तर वहीप्रमाणे फुली कोणाची? आदर्शची. फुली नक्की त्याच्याच नावापुढे आहे ना, तेवढं बघून आजच लिहून दे. हौसामावशीला मी थांबायला सांगितलं आहे. हा आदर्श कोण, कुठला, कोणत्या दिवशी कुठे सापडेल तेही लिही. पोलिसांना सांगायला लागेल.

भूमिकाताई

*

वरसे
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय भूमिकाताई,

हौसामावशी जिन्यात बसली आहे आणि "आटप रं, माजी एसटी जाल" म्हणते आहे. म्हणून थोडक्यात.

३७ ने भागून पाहिलं. जातो. मला लाज वाटते. दोनदा करूनही चुकलो, कुठल्या टप्प्यात ते सापडत नाही. तू शिकलेली आहेस, मी नाही. माझ्यावर विसंबू नकोस.

फुली आदर्शच्याच नावापुढे आहे, नक्की. तो आतल्या गावचा, घरी वालाची शेती. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. वाईट वाटत नव्हता. कधी पोपटी केली की मडक्यातल्या शेंगा माझ्यासाठी कागदात बांधून आणायचा. पण आकडा असं सांगत असेल तर माझ्या वाटण्याला अर्थ नाही. दर गुरुवारी अकराच्या सुमाराला वडखळ नाक्याच्या अलीकडे टँकर बाजूला लावून चहा घेतो. मला त्याने एकदा तिथे सोडलं होतं.

पोलिसांनाच सांग.

साहिल

*

जुनी खार
शनिवार, १ मार्च २०२५

चि. साहिल,

तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. ते मिथुनला सापडलं.

गुरुवारी ते सहा जण गेले. तोंडाला रुमाल बांधून. आदर्श चहाचा ग्लास हातात घेऊन टँकरच्या पायरीवर बसला होता. मिथुनने पहिली फळी तोंडावर मारली. ग्लास फुटून ओठात गेला. मग खाली पाडून पाठीवर, बरगड्यांवर, फळी मोडेपर्यंत. दोघांनी हात धरले, एक जण छातीवर बसला. उजवा पाय दगडावर ठेवला आणि दुसरा दगड मिथुनने दोन्ही हातांनी उचलून घोट्यावर टाकला. तीनदा. उजवाच पाय आणि घोट्यावरच. भर अकरा वाजता, तीस-चाळीस माणसं उभी होती. कुणीतरी फोनवर काढलं, ते मिथुनच्या फोनवर आलं आहे आणि तो ते जेवताना बघतो. मीही बघितलं. हाड मोडल्याचा आवाज त्यात येतो.

बाबांना सांगितलं तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

एक गोष्ट मनातून जात नाही. आदर्श एकसारखं म्हणत होता, "खिशात बगा, माज्या खिशात बगा." पोरं म्हणाली, पैसे देऊन सुटायला बघतो. मिथुन म्हणाला, "तुजा आकडाच बोलतोय भडव्या, तू कशाला बोलतोस?"

तू खुशाल राहा. तुझं नाव कुणी घेतलेलं नाही.

भूमिकाताई

*

वरसे
रविवार, ९ मार्च २०२५

प्रिय भूमिकाताई,

अक्षर वाईट आलं आहे. उजव्या हाताची दोन बोटं बांधलेली आहेत, कारण पुढे लिहितो. शुद्धलेखन मात्र तपासलं आहे.

तुझं पत्र वाचून मी त्याच रविवारी ते अठरा टप्पे पुन्हा मांडले. माझी चूक कुठल्या टप्प्यात आहे ते मला बघायचंच होतं. तीन वेळा केले. तिन्ही वेळा शेवटी एक. एकाही टप्प्यात चूक नाही. आणि ३७ ने भागही जातो. दोन्ही खरं.

मग तुझी जुनी वही उघडून ती रीत शब्दाशब्दाने वाचली. तू लिहिलं आहेस, संख्या मूळ असेल तर बाकी एक उरते. मी ते उलटं वाचलं होतं. बाकी एक उरली तर संख्या मूळ. मला शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून मला दोन्ही सारखंच वाटलं. पान उलटल्यावर तू तांबड्या पेनाने लिहिलं आहेस की काही संयुक्त संख्या या परीक्षेत मूळ असल्यासारख्या उतरतात. त्यांना कारमायकेल संख्या म्हणतात आणि दहा लाखांच्या आत त्या फक्त त्रेचाळीस आहेत. ते पान मी कधी उलटलंच नव्हतं.

३७, ७३ आणि १०९. प्रत्येकातून एक कमी केला की ३६, ७२, १०८. या तिघांनी २९४४०८ ला पूर्ण भाग जातो. म्हणून ती बाकी एकच देते. दोनाऐवजी तीन घे, पाच घे, तरी तेच. ती त्या त्रेचाळिसांतली एक आहे.

आता नीट वाच. त्या सोमवारी गेटवर मी याच रीतीने तपासलं होतं. २९४४०९ हातात आली असती तर मी गोलच काढला असता. फुली काढलीच नसती. वहीतली खूण संख्येची नाही, माझ्या चुकीची आहे. तू संख्येबद्दल बरोबर होतीस. माणूस मी आधी सांगितला तोच होता, हैबतराव.

आदर्शने काही केलेलं नाही.

सोमवारी मी त्याला बघायला दवाखान्यात गेलो. पाय राहील म्हणतात, पण घोटा वाकणार नाही. खालचा ओठ शिवला आहे, बोलता येत नाही. त्याची आई उशाशी होती. मी सांगितलं, मी गेटवरचा साहिल. ती म्हणाली, "तूच काय तो. शेंगा तुलाच न्यायचा ना?" मग तिने पिशवीतून त्याचा त्या दिवशीचा शर्ट काढला. रक्त वाळून पुठ्ठ्यासारखा झाला होता. खिशात चार घड्या घातलेलं तीन फेब्रुवारीचं चलन होतं. माल तळोज्याला पोचल्याचा शिक्का, आणि सीलचा आकडा: २९४४०७. त्याला खाडीवर काय झालं ते कळलं होतं, कंपनीने आपल्यावर ढकलू नये म्हणून तो चलन जवळ घेऊन फिरत होता. "खिशात बगा" म्हणत होता ते हे.

मी तिथेच बाकावर बसून २९४४०७ तपासली. ३१ ने भाग जातो. माझ्या रीतीनेही बाकी एक येत नाही. फुली.

मंगळवारी ड्यूटीवर हैबतराव आला. हसत होता. पेढ्याचा पुडा पुढे केला. "खारीत ऐकलं, तुज्या मामाची पोरं लई कामाची. माजं काम वडखळला करून मोकली." मी पेढा घेतला नाही. वही टेबलावर होती. त्याने ती बघितली आणि विचारलं, "ह्यात काय लिवतोस सारका?" मी म्हणालो, काही नाही. त्याने माझा हात धरून केबिनच्या दाराच्या फटीत ठेवला आणि दार पायाने लोटलं. मग उघडलं, आणि पुन्हा लोटलं. "आता लिव," म्हणाला. वही मात्र नेली नाही. त्याला त्यात गोल, फुल्या आणि रेघाच दिसल्या.

बुधवारी मी वही आणि आदर्शच्या आईला बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. हवालदारांनी मोबाइलवर ३७ ने भागून दाखवलं आणि विचारलं,

"मूळ नाय ना रे ही?"

"नाही."

"मग तुझ्या वहीत गोल कसा?"

"कारण मी चुकतो, साहेब. या आकड्यावर मी दर वेळी तस्साच चुकेन."

"आणि तुझ्या चुकीवर आम्ही माणूस पकडायचा?"

मी आदर्शचं चलन पुढे ठेवलं. साहेबांनी ते वाचलं आणि दत्तात्रेयला फोन लावला. त्याचंही चलन होतं, आकडा सम. मग हैबतरावाला लावला, त्याच्याकडे त्या दिवसाचं चलन नव्हतं. संपलं. दहा मिनिटं लागली. ताई, गणिताची गरजच नव्हती. दोघांच्या खिशांत दोन कागद होते. आपण दोघांनी शिकलेल्यासारखं वागून एका माणसाला त्याच्या खिशात हात घालू दिला नाही.

मग साहेबांनी विचारलं, आदर्शचं नाव त्या पोरांना कोणी दिलं. मी सांगितलं, मी लेखी दिलं. कोणाला? मामेबहिणीला. मारलं कोणी? मी म्हणालो, मी तिथे नव्हतो. ते म्हणाले, रुमालामुळे कोणी ओळखू येत नाही, ती केस अशीच पडून राहील.

आदर्शची आई बाहेर बाकावर बसली होती. शर्टाची पिशवी मांडीवर होती.

मी तुझं १ मार्चचं पत्र त्यांना दिलं. त्यात मिथुनचं नाव आहे. माझं पत्र त्याला तांदळाच्या डब्यात सापडलं हेही आहे, म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही. हे मी मुद्दाम त्यांना दाखवलं.

मामांना काय सांगायचं ते मला सुचत नाही. मिथुन मला मारेल हे मी धरून चाललो आहे.

साहिल

*

जुनी खार
गुरुवार, २० मार्च २०२५

चि. साहिल,

हे पोस्टाने पाठवते. हौसामावशी म्हणाली, "तुमच्या चिट्ट्यांनी पोराचा पाय मोडला, माजी टोपली नासू नका."

शुक्रवारी मिथुनला नेलं. आईने जीपमागे चपला भिरकावल्या आणि तुझं नाव घेऊन नाही नाही ते बोलली. बाबा दारात कुबडीवर उभे होते. ते म्हणाले, "त्या पोराचा पाय कंचा मोडला?" मी म्हणाले, उजवा. ते आत जाऊन बसले. हैबतरावालाही नेल्याचं कळलं, पण घरात त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

तू पोलिसांना दिलेलं माझं पत्र खोटं आहे.

तुझं २३ तारखेचं पत्र तांदळाच्या डब्यात कधी नव्हतं. बाबांचा पाय कापला त्या दिवशी मला तो परातीत दिसला होता. डॉक्टरांनी झाकला, पण त्याआधी दिसला. त्यानंतर मला पोलीस नको होते. म्हणून तुला विचारलं की आदर्श कुठे सापडेल. पोलिसांना हे तुझ्याकडून कशाला हवं असतं, हे तुझ्या लक्षात आलं नाही. तू शुद्धलेखन तपासतोस, माणसं तपासत नाहीस. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी ते मिथुनला मोठ्याने वाचून दाखवलं. तो आधी म्हणाला, "भूमे, नक्की ना? पोरगा गरीब वाटतोय." मी त्याला कागदावर भागाकार करून दाखवला. ३७, ७३, १०९. म्हणाले, आकडा खोटं बोलत नाही.

तांबड्या पेनाने ती ओळ मीच लिहिली होती ना? काही संख्या मूळ असल्यासारख्या उतरतात. ती परीक्षेला पाच गुणांना आली होती. मला पाचपैकी पाच मिळाले होते.

उद्या सकाळच्या एसटीने पोलीस ठाण्यात जाते. तुझं पत्र बरोबर नेते आहे. ते डब्यात ठेवलेलं नाही हे त्यांना हातात घेतल्यावरच कळेल, त्याला तांदळाचं पीठ लागलेलं नाही, फक्त सुकटीचा वास आहे. तरी ते मीच मिथुनला वाचून दाखवलं हे मी तोंडाने सांगणार आहे.

तुझी बोटं कशी आहेत ते लिही.

भूमिका